पुस्तक घरी गेलं पाहिजे

इक्वेडोरमध्ये ग्वायाकिल नावाचं बंदराचं शहर आहे. तिथल्या मुलींच्या एका अनाथालयात २००९च्या सुमारास डेव्हिड रिशर हा अमेरिकी गृहस्थ बायको-मुलींसह गेला होता. मायक्रोसॉफ्टमध्ये आणि नंतर अ‍ॅमेझॉनमध्ये मोठ्या हुद्द्यावर काम करून तो बाहेर पडला होता आणि सहकुटुंब जगप्रवास करत होता. अनाथालयाच्या आवारात एका इमारतीला कुलूप दिसलं. चौकशी केली तर कळलं, ते ग्रंथालय आहे. पुस्तकं देणगीत येतात, बोटीनं पोचायला महिनोन्महिने लागतात, आणि पोचतात ती मुलींच्या कामाची नसतात. त्यामुळे कुणी तिकडे फिरकत नाही. आत जाऊन बघता येईल का, असं त्यानं विचारलं. किल्ली बहुधा हरवली आहे, असं उत्तर मिळालं.

रिशरच्या स्वतःच्या मुली त्या प्रवासात अ‍ॅमेझॉनच्या किंडल या ई-रीडरवर, म्हणजे ई-पुस्तकं वाचण्याच्या यंत्रावर, वाचत होत्या. पुस्तकांचं ओझं नाही, दुकानाची गरज नाही. त्या कुलपापुढे उभं राहून त्याला जे सुचलं, त्यातून २०१० मध्ये कॉलिन मॅकएल्वी या सहकाऱ्याबरोबर त्यानं ‘वर्ल्डरीडर’ ही संस्था काढली. शाळेतल्या मुलांच्या हातात ई-रीडर द्यायचा, तो घरी न्यायला द्यायचा आणि काय होतं ते पाहायचं, असं तिचं पहिलं काम होतं.

आपल्याकडच्या शाळा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही गोष्ट दूरदेशीची वाटणार नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ सालचा. त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं असावीत असं स्पष्ट लिहिलेलं आहे. पुस्तकं येतातही. ती हेडमास्तरांच्या खोलीतल्या गोदरेजच्या कपाटात बसतात, नोंदवहीत चढतात, आणि किल्ली ड्रॉवरमध्ये जाते. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी पुस्तकं सतरंजीवर मांडली जातात, फोटो निघतात, आणि संध्याकाळी मोजून परत कपाटात. शिक्षकाला वाचनाचं वावडं असतं म्हणून हे घडतं, असं मला वाटत नाही. पुस्तक हरवलं तर तपासणीत जबाब त्याला द्यावा लागतो. पुस्तक कुणी वाचलं नाही तर कुणालाच द्यावा लागत नाही. ज्या व्यवस्थेत हरवणं हा गुन्हा आणि पडून राहणं ही सुरक्षितता, तिथे कुलूपच लागणार.

शाळेच्या ग्रंथालयातून मुलांना ई-रीडर घरी देण्याचे जे प्रयोग गेल्या पंधरा वर्षांत जगात झाले, त्यांच्याकडे म्हणूनच मला यंत्राची गोष्ट म्हणून पाहावंसं वाटत नाही. पुस्तक मुलाच्या घरी जाऊ द्यायला आपण तयार आहोत का, हा जुनाच प्रश्न त्या यंत्रानं नव्यानं आणि जास्त स्पष्ट विचारला. यंत्र महाग असतं, ते फुटतं, आणि त्यातली पुस्तकं कुणाच्या मालकीची हे नीट ठरलेलं नसतं.

घानातल्या आयेन्या या गावी २०१० च्या मार्चमध्ये वर्ल्डरीडरनं पहिली चाचणी घेतली. मग त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून पुढच्या सप्टेंबरपर्यंत देशाच्या पूर्व विभागात अडेइसो आणि काडे या ठिकाणच्या प्राथमिक ते उच्च माध्यमिक शाळांमध्ये मोठा प्रयोग झाला. अमेरिकी सरकारच्या ‘यूएसएड’ची त्याला साथ होती आणि निकाल तपासून जाहीर करायचे असं आधीच ठरलेलं होतं. किंडल निवडण्यामागे साधी कारणं होती. त्या भागात वीज बेभरवशाची आणि पुस्तकाचं दुकान नाही, पण मोबाइलचं जाळं पोचलेलं होतं. त्या वेळचं किंडल त्याच जाळ्यावरून पुस्तक उतरवून घेई.

आणि पडदा. ई-शाईचा पडदा मोबाइलच्या पडद्यापेक्षा मुळातच वेगळा असतो. १९९७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ‘ई इंक’ कंपनी निघाली, तिची मूळ कल्पना एमआयटीच्या मीडिया लॅबमधली. पडद्यात केसाच्या जाडीच्या सूक्ष्म कुप्या असतात, प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण. एकांवर धन भार, दुसऱ्यांवर ऋण. विजेच्या इशाऱ्यानं पांढरे वर येतात किंवा काळे. एकदा आले की तिथेच राहतात, त्यांना तसं धरून ठेवायला वीज लागत नाही. वीज खर्च होते ती पान उलटताना. म्हणून एकदा चार्ज केलेलं यंत्र आठवडेच्या आठवडे चालतं, आणि भर उन्हात कागदासारखं वाचता येतं. झाडाखाली भरणाऱ्या वर्गासाठी याहून सोयीचा पडदा तेव्हा नव्हता.

मुलांच्या हातात एकदम शंभराच्या घरात पुस्तकं आली. त्यांच्या घरी एरवी इतकी पुस्तकं कुणी पाहिली नव्हती. खालच्या वर्गांतल्या मुलांच्या वाचनात सुधारणा मोजता आली. वरच्या वर्गांत निकाल तितका ठाम निघाला नाही. मुलांनी यंत्रावर गाणी ऐकली, इंटरनेट उघडून पाहिलं, शब्दकोशात शब्द शोधले. मुलं करणार ते सगळं त्यांनी केलं. चोरीची भीती सगळ्यांनी घातली होती, पण चोरी आणि हरवणं नगण्य निघालं. गावाला ठाऊक होतं की हे यंत्र शाळेतल्या पोरांचं आहे.

पण यंत्रं फुटली. सुमारे ४० टक्के. दप्तरात पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली दाबली जाऊन, हातातून पडून, कुणी वर बसल्यामुळे. पडदा तडकला की यंत्र संपलं.

हा आकडा संस्थेनं लपवला नाही, अहवालात छापला. या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. शंभरातली चाळीस यंत्रं एका वर्षात गेली, हे देणगीदारांना सांगायला धैर्य लागतं. आपल्याकडे असा अहवाल आला असता तर योजना त्याच दिवशी बंद झाली असती, किंवा पुढच्या वर्षी यंत्रं कपाटात ठेवली गेली असती आणि फुटण्याचं प्रमाण शून्यावर आलं असतं. तिथे त्यांनी यंत्रं घरी देणं थांबवलं नाही. मजबूत वेष्टनं दिली, यंत्र कसं धरायचं, कसं ठेवायचं हे पहिल्या दिवसापासून शिकवायला सुरुवात केली, आणि पुढच्या शाळांमध्ये मोडतोड कमी होत गेली.

आपल्याकडे हरवण्याची मुभा अगदीच नाही असं नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी एक तरतूद आहे: वर्षात हजार पुस्तकं दिली-घेतली गेली असतील तर पाच गहाळ होणं वाजवी मानावं, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. ज्यानं कुणी ही ओळ घातली त्याला ग्रंथालय म्हणजे काय ते समजलेलं होतं. पुस्तक फिरणार असेल तर काही पुस्तकं जाणारच, हे त्यात मान्य केलेलं आहे. हा नियम केंद्राच्या ग्रंथालयांचा. खेड्यातल्या शाळेच्या कपाटापर्यंत त्या ओळीचा आशय पोचलेला मी पाहिलेला नाही. तिथे एक पुस्तक गेलं तरी ते शिक्षकाच्या खिशातून भरून निघतं, म्हणून ते जातच नाही. हजारात पाच हे प्रमाणही पुस्तकाचं आहे. ई-रीडरला ते पुरणार नाही. यंत्र विकत घेण्याआधी किती यंत्रं मोडली तर चालतील हे लिहून ठेवणारी शाळाच ते यंत्र मुलाच्या हाती देऊ शकेल.

अमेरिकेत हीच वर्षं फार वेगळ्या तऱ्हेनं गेली. पहिलं किंडल १९ नोव्हेंबर २००७ ला आलं, किंमत ३९९ डॉलर, आणि साडेपाच तासांत सगळा साठा संपला. दोन वर्षांत शाळांमध्ये त्याची हवा झाली. मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅशबर्नहॅमच्या कुशिंग अकादमी या जुन्या निवासी शाळेनं २००९ मध्ये जाहीर केलं की ग्रंथालयातली वीस हजारांवर छापील पुस्तकं काढून टाकायची. त्यांच्या जागी आले मोठे पडदे, कॉफीचं दुकान आणि सुरुवातीला फक्त १८ ई-रीडर. फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर हायस्कूलनं २०१० मध्ये सुमारे २,१०० किंडल विद्यार्थ्यांत वाटली, पाठ्यपुस्तकांना पर्याय म्हणून.

या दोन मोठ्या बातम्यांच्या आड शेकडो शाळांच्या ग्रंथपालांनी गाजावाजा न करता दुसरंच काम केलं. पाच-दहा यंत्रं घ्यायची आणि ती पुस्तकासारखी घरी द्यायची. त्यांची कामाची पद्धत शिकण्यासारखी होती. प्रत्येक यंत्राला बारकोड. पिशवीत यंत्र, चार्जरची तार, सूचनांचा कागद. परत येताना प्रत्येक वस्तू तपासायची. पालकांची सही आधी. खात्याला बँकेचं कार्ड जोडायचंच नाही, भेटकार्डानं पैसे भरायचे, नाहीतर बोटाच्या एका स्पर्शानं पोरं दुकान रिकामं करतील. काहींनी यंत्रं विषयवार भरली: हे रहस्यकथांचं, हे विज्ञानाचं, हे सहावीच्या मुलींनी सुचवलेल्या पुस्तकांचं. मुलांना नवं पुस्तक हवं असलं तर त्यांनी चिठ्ठी टाकायची आणि ग्रंथपालानं ते मिनिटभरात घेऊन द्यायचं. छापील पुस्तकाची मागणी नोंदवून वर्षभर थांबलेल्या ग्रंथपालालाच याचं महत्त्व कळेल. शिवाय काय वाचतोय ते बाहेरून दिसत नाही. आठवीतला मुलगा चौथीच्या पातळीचं पुस्तक वाचत असेल तर त्याचं मुखपृष्ठ वर्गमित्रांना दिसत नाही. मागे पडलेल्या वाचकाची लाज राखणं ही शाळेतली फार मोठी गोष्ट असते आणि कागदी पुस्तकाला ती साधत नव्हती.

अडचण आली ती मालकीची. किंडलच्या एका खात्याला अनेक यंत्रं जोडता येत, आणि एकदा घेतलेलं पुस्तक बहुधा सहा यंत्रांवर उघडता येई. ग्रंथपालांनी सहा यंत्रांमागे एक प्रत घ्यायला सुरुवात केली. पण करारात लिहिलेलं होतं की पुस्तक वैयक्तिक वापरासाठी आहे. मग शाळेनं ते मुलांना देणं चालतं की नाही? छापील पुस्तकाबाबत हा प्रश्न कधी उद्भवलाच नव्हता. पैसे मोजून घेतलेली प्रत ग्रंथालयाची होती. ती कुणाला द्यायची, कितीदा द्यायची हे ग्रंथालय ठरवी. ई-पुस्तकात प्रत विकतच मिळत नाही, वाचण्याचा परवाना मिळतो.

परवाना म्हणजे काय हे २००९ च्या जुलैमध्ये साऱ्या जगाला दिसलं. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ या कादंबऱ्यांच्या काही ई-आवृत्त्या हक्क नसलेल्या प्रकाशकानं अ‍ॅमेझॉनवर विकल्या होत्या. हे लक्षात येताच अ‍ॅमेझॉननं पैसे परत केले आणि लोकांच्या यंत्रांतून ती पुस्तकं दुरूनच पुसून टाकली. मिशिगनमधला एक शाळकरी मुलगा सुट्टीतल्या अभ्यासासाठी ‘१९८४’ वाचत होता. पुस्तक गेलं आणि त्यानं काढलेली टिपणं कोणत्या ओळीची ते कळेनासं झालं. खटला झाला, कंपनीच्या प्रमुखानं माफी मागितली, तडजोड झाली. पण ग्रंथालयाच्या फडताळावरचं पुस्तक रात्रीतून कुणी काढून नेऊ शकतं, हे ग्रंथपालांना त्या दिवशी उमगलं.

दोन वर्षांनी, २०११ मध्ये, हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेनं ठरवलं की ग्रंथालयाला विकलेलं ई-पुस्तक २६ वेळा दिलं गेलं की संपलं. पुढे द्यायचं तर पुन्हा विकत घ्या. दोन आठवड्यांच्या २६ फेऱ्या म्हणजे एक वर्ष, असा तो हिशेब होता. छापील पुस्तकही झिजतंच, असा युक्तिवाद झाला. ओक्लाहोमातल्या ग्रंथपालांनी हार्परकॉलिन्सचीच २६ पेक्षा कितीतरी जास्त वेळा फिरलेली, धडधाकट पुस्तकं कॅमेऱ्यापुढे धरून दाखवली. आपल्याकडे अंगणात, बसमध्ये, चुलीपाशी वाचली गेलेली, पुठ्ठा बदललेली, पाठीला कापडी पट्टी लावलेली पुस्तकं चाळीस-पन्नास वर्षं चालली आहेत. झिजत नसलेल्या वस्तूला झीज लावण्याचा हा नियम मला आजही अन्यायाचा वाटतो. शाळेला तर तो परवडणारच नाही, कारण शाळेत तेच पुस्तक दर वर्षी नव्या मुलांना हवं असतं.

आणखी एका गोष्टीची आठवण ठेवायला हवी. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठानं २००९ मध्ये अभ्यासासाठी किंडल डीएक्स वापरायचं ठरवलं तेव्हा अंधांच्या दोन राष्ट्रीय संघटनांनी दावा लावला. ते यंत्र मजकूर मोठ्यानं वाचून दाखवू शकत होतं, पण पुस्तक निवडण्याची यादी बोलत नव्हती. पुस्तक आहे, आवाज आहे, आणि आंधळ्या विद्यार्थ्याला तिथवर पोचायची वाट नाही. जानेवारी २०१० मध्ये तडजोड झाली आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या न्याय खात्यानं सगळ्या महाविद्यालयांच्या प्रमुखांना पत्र पाठवलं: जे यंत्र अंध विद्यार्थ्याला वापरता येत नाही ते वर्गात सक्तीचं करू नका. शाळेनं यंत्र घ्यायच्या आधी ते डोळे मिटून वापरून पाहावं, एवढी साधी परीक्षा यातून मिळते. आपल्या देशानं तर अंधांसाठी पुस्तकं सुलभ रूपात आणण्याचा मराकेश करार २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्य केला. तो मान शाळेच्या खरेदीतही राखला पाहिजे.

वाचनाचं काय? यंत्रावर वाचलेलं मुलांच्या मनात उतरतं का? हा पालकांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला बऱ्यापैकी उत्तर आहे. कागद आणि पडदा यांची तुलना करणारे २००० ते २०१७ मधले ५४ अभ्यास एकत्र करून स्पेन आणि इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये निष्कर्ष मांडला. वाचकांची एकूण संख्या एक लाख एकाहत्तर हजारांवर होती. माहितीपर मजकूर कागदावर अधिक नीट समजतो, वेळेचं बंधन असेल तर फरक वाढतो. पण निव्वळ गोष्टींमध्ये असा फरक सापडला नाही. उलट बाजूनं, अमेरिकेतल्या वाचन-अक्षमता असलेल्या १०३ विद्यार्थ्यांवर झालेल्या २०१३ च्या अभ्यासात दिसलं की ओळ आखूड केली, पडद्यावर थोडेच शब्द ठेवले, की त्यांतल्या काहींना कागदापेक्षा चांगलं वाचता येतं.

मला यातून निघतं ते असं: भूगोलाचं पुस्तक कागदावर राहू द्या. ई-रीडर गोष्टींसाठी, कादंबरीसाठी, प्रवासवर्णनासाठी द्या, आणि ज्या मुलाला अक्षरं गर्दी करून अंगावर येतात त्याला अक्षर मोठं करून द्या. क्लिअरवॉटरनं पाठ्यपुस्तकाच्या जागी यंत्र आणलं. त्याऐवजी दप्तराच्या बाहेरचं पुस्तक म्हणून ते आणणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं.

आता मराठीकडे. इथे कुलूप भाषेचं आहे. घानात वर्ल्डरीडरच्या लक्षात लवकर आलं की मुलांना इंग्रजी कादंबऱ्या देऊन भागत नाही. त्वी भाषेतल्या गोष्टी हव्यात, आफ्रिकी लेखक हवेत. तिथल्या प्रकाशकांना गाठून पुस्तकं ई-रूपात आणणं हे यंत्रं वाटण्याइतकंच मोठं काम ठरलं. किंडल भारतात ऑगस्ट २०१२ मध्ये विकायला आलं, ६,९९९ रुपयांना. मराठी पुस्तकं त्यावर रीतसर आली डिसेंबर २०१६ मध्ये. हिंदी, गुजराती, तमिळ, मल्याळम यांच्याबरोबर. मधल्या काळात उशीर फक्त कंपनीचा नव्हता. आपली हजारो पुस्तकं श्रीलिपी, आकृती अशा जुन्या फॉन्टांत जुळवलेली आहेत. ती युनिकोडमध्ये आणायची तर मजकूर बदलून घ्यावा लागतो आणि पुन्हा ओळ न् ओळ मुद्रितशोधन करावं लागतं, नाहीतर रफार एकीकडे आणि वेलांटी दुसरीकडे. हा खर्च बालसाहित्याच्या प्रकाशकाला झेपत नाही. सोपा उपाय म्हणून पीडीएफ केली जाते. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ही फार चांगली सोय आहे, पण मोठ्या कागदाचं ते पान सहा इंची पडद्यावर आकसून जातं. अक्षर वाढवावं तर ओळ पडद्याबाहेर जाते.

तरीही पुस्तकं आहेत. प्रथम बुक्सनं ८ सप्टेंबर २०१५ ला सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मुलांच्या मराठी गोष्टी खुल्या परवान्यावर आहेत. त्या उतरवून घ्या, छापा, वाटा, कुणाची परवानगी लागत नाही. शाळेसाठी हा परवाना सोन्याच्या मोलाचा, कारण त्याला २६ फेऱ्यांची हद्द नाही. ‘ई साहित्य प्रतिष्ठान’ मराठी पुस्तकं विनामूल्य देतं. केंद्र सरकारचं ‘राष्ट्रीय ई-पुस्तकालय’ २०२४ पासून मुलांसाठी खुलं आहे. चित्रांची पुस्तकं काळ्या-पांढऱ्या पडद्यावर फिकी पडतात हे खरं. म्हणून पाचवीच्या पुढच्या मुलांपासून सुरुवात करावी.

किंमत मात्र वर गेली आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये भारतात आलेलं नवं किंडल पेपरव्हाइट तेव्हा १६,९९९ रुपयांचं होतं. समग्र शिक्षा अभियानातून सरकारी शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये मिळतात. म्हणजे मोठ्या शाळेच्या सगळ्या वर्षाच्या अनुदानात एक यंत्र, आणि लहान शाळेला तेही नाही. तेवढ्या पैशात छापील गोष्टींची दोनशेहून जास्त पुस्तकं येतील. कपाट रिकामं असलेल्या शाळेनं आधी ती पुस्तकंच घ्यावीत, असं मी म्हणेन. शिवाय अ‍ॅमेझॉननं २०२५ च्या फेब्रुवारीत विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून तारेनं यंत्रात घालण्याची सोय बंद केली. ज्या शाळेत इंटरनेट नाही तिला त्या दुकानाचं दार त्या दिवशी बंद झालं. स्वतःची, खुल्या परवान्याची फाइल तारेनं अजूनही घालता येते. कोणत्या पुस्तकांवर विसंबायचं, ते यातून आपोआप ठरतं.

मग मोबाइलच का नको, तो तर घरोघरी आहे? वर्ल्डरीडरही पुढे तिकडेच वळली. दिल्लीत २०१५ ते २०१७ मध्ये तिनं ‘रीड टू किड्स’ हा उपक्रम चालवला. आईबापांनी मोबाइलवरून हिंदी गोष्टी लहानग्यांना वाचून दाखवायच्या. लहान मुलाला मांडीवर घेऊन वाचायला मोबाइल पुरतो. पण बारा वर्षांच्या मुलीनं एकटीनं कादंबरी वाचायची असेल तर मोबाइल तिच्या हातात राहत नाही. घरात फोन एक, तो वडिलांचा किंवा थोरल्या भावाचा. मुलीच्या वाट्याला तो शेवटी येतो, आणि आला की मध्येच कुणाचा तरी फोन येतो. ई-रीडरवर दुसरं फारसं काही करण्यासारखं नसतं, म्हणून तो घरात कुणी मागत नाही. शाळेनं तिच्या नावावर दिलेलं, तिचंच, आठवडाभराचं. आपल्या गावांत मुलींसाठी हा फरक फार मोठा आहे.

नव्या यंत्रांच्या बाबतीत महाराष्ट्रानं आधीही एक प्रयोग पाहिला आहे. ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेची भारतातली पहिली चाचणी २००७ मध्ये कर्जतजवळच्या खैरात या आदिवासी-धनगर वस्तीच्या एकशिक्षकी शाळेत झाली. केंद्र सरकारनं त्याआधीच ती योजना देशासाठी नाकारली होती. त्या मोहिमेचा आग्रह एका मुलाला एक यंत्र, त्याच्या मालकीचं, असा होता. ग्रंथालयाचा विचार याच्या उलट आहे: एक वस्तू, आळीपाळीनं अनेकांची. गरीब राज्याला हाच विचार पेलतो, आणि तो आपल्याला नवा नाही.

सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. ग्रंथालय ज्या गावात नाही त्या गावात लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवायची, वाचून झाली की पेटी परत आणि दुसरी पुढे, अशी फिरती ग्रंथालयं त्या संस्थानात चालली. पाठवणीचा खर्च सरकारचा. शंभर वर्षांनी नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना विनायक रानडे यांच्या पुढाकारानं २००९ मध्ये सुरू झाली. शंभर पुस्तकांची पेटी, ओळखीच्या वाचकांचा एक गट, काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल. त्या पेट्या तुरुंगांत गेल्या, इस्पितळांत गेल्या, दुबईपर्यंत गेल्या. पेटी ज्याच्याकडे जाते त्याच्यावर विश्वास टाकायचा, यावर ती योजना उभी आहे.

केनियातही याच वाटेनं काम पुढे गेलं. २०१४ मध्ये आठ सार्वजनिक ग्रंथालयांत ई-रीडर आले, आणि २०१६ पासून देशातल्या सर्व ६१ सार्वजनिक ग्रंथालयांत. शाळेला यंत्रं विकत घ्यावी लागली नाहीत; ग्रंथपाल यंत्रं घेऊन जवळच्या शाळांत जाऊ लागले. दुरुस्ती, चार्जिंग, खाती, पुस्तकं भरणं हे सगळं ग्रंथालयाच्या अंगावर, शिक्षकाच्या नाही. मला हाच नमुना आपल्याकडे आणावासा वाटतो. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात सरकारी ग्रंथालयाची रचना उभी आहे. जिल्हा ग्रंथालयानं वीस ई-रीडरची एक पेटी करावी, प्रत्येकात स्टोरीवीव्हरच्या गोष्टी, मुक्त झालेलं जुनं मराठी साहित्य आणि प्रकाशकांशी थेट बोलून, कायमच्या हक्कानं घेतलेली पन्नास तरी नवी पुस्तकं भरावीत. पेटी तीन महिने एका केंद्रशाळेकडे, मग पुढे. नोंदवहीत यंत्राचा क्रमांक, मुलीचं नाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. आणि पहिल्याच पानावर, शिक्षणाधिकाऱ्याच्या सहीनिशी: वीसपैकी आठ यंत्रं वर्षात निकामी झाली तरी शिक्षकाकडून वसुली होणार नाही. घानातल्या ४० टक्क्यांचा हिशेब तेवढाच होतो.

पेटीचा पहिला मुक्काम मे महिन्यात असावा. एप्रिलमध्ये शाळा सगळी पुस्तकं मागवून मोजून घेतात आणि जूनपर्यंत कपाट उघडत नाही. वाचायला सगळ्यांत जास्त वेळ मुलांकडे त्याच दिवसांत असतो.